बेडकाच्या कातडीतली प्रतिजैविकं: एवढी वर्षं झाली, औषध अडलं कुठे?

कऱ्हाकाठ

सासऱ्यांना जुना मधुमेह आहे. उन्हाळ्यात त्यांच्या तळपायाला, अंगठ्याच्या बुडाशी जखम झाली आणि चिघळली. कल्चर केलं तर स्युडोमोनास हा जीवाणू निघाला आणि रिपोर्टात बहुतेक औषधांपुढे 'रेझिस्टंट'. सध्या शिरेतून इंजेक्शनं चालू आहेत. अशात भाच्याने एक व्हिडिओ पाठवला: बेडकाच्या कातडीपासून केलेलं मलम, खास मधुमेह्यांच्या पायाच्या जखमेसाठी, त्यापुढे कुठलाच जंतू टिकत नाही म्हणे. एरवी असले व्हिडिओ मी उघडत नाही. पण या वेळी शोधत गेलो आणि मूळ गोष्ट खरी निघाली.

मायकेल झॅस्लॉफ हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, बेथेस्डाला, काम करत होते. जनुकांच्या अभ्यासासाठी त्यांना झेनोपस लेव्हिस या आफ्रिकेतल्या नख्यावाल्या बेडकाची अंडी लागायची. मादीचं पोट उघडायचं, अंडाशय काढायचं, टाके घालायचे आणि तिला परत टाकीत सोडायचं. टाकीतलं पाणी निर्जंतुक वगैरे काही नव्हतं. तरी जखमा पिकत नव्हत्या, सुजत नव्हत्या, छान भरून यायच्या. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडणारी ही गोष्ट त्यांना खटकली. मग त्यांनी कातडीच्या अर्कातून दोन छोटी पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, वेगळी काढली, प्रत्येकी २३ अमिनो आम्लांची, आणि १९८७ साली ती जाहीर केली. नाव ठेवलं मॅगेनिन. जीवाणू, बुरशी, काही एकपेशीय परजीवी, सगळ्यांवर चालणारी.

१९८७ साली मी शाळेत होतो. तेव्हापासून आजपर्यंत निरनिराळ्या बेडकांतून अशी हजाराहून जास्त पेप्टाइडं सापडली आहेत. मग औषधाच्या दुकानात त्यातलं एकही का नाही? रसायन कमी पडलं, पैसा कमी पडला की आणखी काही? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

शेवंती

वाचतेय. सासऱ्यांना लवकर आराम पडो.

पेट्रीडिश

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून आधी ही पेप्टाइडं काम कशी करतात ते सांगते. औषध कुठे अडलं ते त्यावरून बरंच कळेल.

बेडकाच्या कातडीत दोन तऱ्हेच्या ग्रंथी असतात. श्लेष्मल ग्रंथी कातडी ओली ठेवतात, कारण बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. दुसऱ्या असतात कणीदार ग्रंथी, त्यांत या पेप्टाइडांचा साठा असतो. बेडूक घाबरला किंवा त्याला इजा झाली की ॲड्रेनलिनच्या कुळातल्या संप्रेरकांमुळे ग्रंथीभोवतीच्या पेशी आवळल्या जातात आणि साठा कातडीवर येतो. पातळ, ओली, खवले नसलेली कातडी आणि मुक्काम डबक्यात. या संरक्षणाशिवाय तो जगलाच नसता.

आता मारण्याची पद्धत. पाण्यात ही पेप्टाइडं मोकळी, सैल असतात. जीवाणूच्या पटलाला, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाला, टेकली की त्यांची गुंडाळी होते. गुंडाळीच्या एका अंगाला धनभार, दुसरं अंग तेलकट. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याकडे आणि दुसरं तेलाकडे ओढ घेतं, तसंच हे. जीवाणूच्या पटलाची बाहेरची बाजू ऋणभारित असते, त्यामुळे पेप्टाइड तिकडे खेचलं जातं, तेलकट अंग पटलात घुसतं, भोकं पडतात आणि आतला ऐवज बाहेर गळतो. आपल्या पेशींच्या पटलाची बाहेरची बाजू बरीचशी उदासीन असते आणि त्यात कोलेस्टेरॉल असतं, म्हणून त्या पुष्कळ प्रमाणात वाचतात.

'पुष्कळ प्रमाणात' हे शब्द लक्षात ठेवा. मात्रा वाढवली की आपल्या तांबड्या पेशीही फुटू लागतात. ही पेप्टाइडं रक्तात सोडायची म्हटली की पहिली अडचण हीच. दुसरी अडचण, रक्तातले आणि आतड्यातले विकर (एन्झाइम) त्यांचे भराभर तुकडे करतात. गोळी गिळून तर उपयोगच नाही.

एडिसनकर

पेट्रीडिश यांनी छान मांडलंय. इतिहासात थोडी भर घालतो. झॅस्लॉफ यांच्या आधी, १९७० साली, चोर्दाश आणि मिख्ल यांनी युरोपातल्या पिवळ्या पोटाच्या बॉम्बिना बेडकातून बॉम्बिनिन हे असंच पेप्टाइड वेगळं काढलं होतं. इटलीचे व्हिट्टोरियो एर्स्पामर तर आयुष्यभर जगभरच्या बेडकांच्या कातड्या तपासत राहिले, त्यातून त्यांना संप्रेरकांसारखी कितीतरी पेप्टाइडं मिळाली. स्वीडनमध्ये हान्स बोमन यांना १९८१ साली रेशमाच्या पतंगात सेक्रोपिन सापडलं. मॅगेनिन आलं तेव्हा जमीन नांगरलेली होती.

आणि झेनोपस प्रयोगशाळांत एवढा का? लान्सलॉट हॉग्बेन यांच्या कामातून १९३०च्या दशकात कळलं की गर्भवतीची लघवी टोचली की या बेडकाची मादी काही तासांत अंडी घालते. १९६०च्या दशकापर्यंत गर्भचाचणी अशी होत असे. त्यासाठी जगभर नेलेले बेडूक मग प्रयोगशाळांत टिकून राहिले.

माळरान

म्हणजे विहिरीतल्या बेडकाला आपण पिढ्यान् पिढ्या नावं ठेवली आणि तो तिथे बसून औषधं बनवत होता! मोठा धन्वंतरीच म्हणायचा.

एडिसनकर

आता मूळ प्रश्नाकडे. मी औषध कंपनीत फॉर्म्युलेशनमध्ये काम करतो. ही कहाणी आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे आणि ती नीट सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

झॅस्लॉफ यांनी शोधानंतर लगेच कंपनी काढली. मॅगेनिनच्या रचनेत फेरफार करून २२ अमिनो आम्लांचं पेक्सिगनन तयार झालं. रक्तात द्यायचं नाही, कातडीवर लावायचं, म्हणजे पेट्रीडिश यांनी सांगितलेल्या दोन्ही अडचणी टळतात. निवडलेला आजार: मधुमेह्यांच्या पायाच्या जखमेचा सौम्य संसर्ग. भाच्याच्या व्हिडिओतलं मलम हेच.

मोठ्या चाचण्यांत ८३५ रुग्ण होते. काहींना पेक्सिगननचं मलम, काहींना ओफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या. दोन्हीकडे ८५ ते ९० टक्के रुग्णांत सुधारणा दिसली. ओफ्लॉक्सॅसिनवाल्या काही रुग्णांत त्या औषधाला दाद न देणारे जंतू तयार झाले, पेक्सिगननच्या बाबतीत तसं लक्षणीय काही दिसलं नाही. तरीही १९९९ साली एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, मंजुरी नाकारली. हातात असलेल्या औषधांपेक्षा हे सरस ठरत नाही, असा त्याचा मथितार्थ. पुढे दुसऱ्या एका कंपनीने हेच मलम घेऊन पुन्हा मोठ्या चाचण्या केल्या, या वेळी तुलना औषध नसलेल्या नुसत्या मलमाशी. २०१६ साली निकाल आला: फरक नाही.

रोखठोक

मग सरळ आहे ना. मोठ्या कंपन्यांना आपल्या गोळ्या विकायच्या होत्या, यांनी दाबून टाकलं. ८५ ते ९० टक्के गुण येतो आणि मंजुरी नाही? हे तुम्हाला पटतं?

एडिसनकर

@रोखठोक, पटतं. नुसत्या मलमाशी तुलना केल्यावर फरक दिसला नाही, हे कोणी दाबलेलं नाही, औषध विकू पाहणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं. त्यात तिचं स्वतःचं दिवाळं वाजणार होतं.

माझं मत असं की रुग्णांचा गट चुकला. सौम्य संसर्गाची जखम रोज धुतली, मेलेलं मांस काढलं, पायावरचा भार काढला की पुष्कळदा तेवढ्यानेच बरी होते. अशा रुग्णांत कुठलंही मलम आपला गुण दाखवू शकणार नाही. पण गंभीर संसर्ग असलेल्या माणसाला नुसतं मलम देणं नीतीला धरून नाही. या दोन भिंतींमध्ये ते औषध सापडलं.

रोखठोक

बरं, हे मला कोणी असं समजावलं नव्हतं. तरी १९९९ साली मंजुरी मिळाली असती तर आज कदाचित उपयोगी पडलं असतं, एवढं म्हणतो.

पेट्रीडिश

हे शेवटचं वाक्य मला मान्य आहे. १९९९ मध्ये 'आहे त्या औषधांपेक्षा सरस नाही' ही कसोटी लावली, पण तेव्हाची 'आहेत ती औषधं' आज कऱ्हाकाठ यांच्या सासऱ्यांच्या रिपोर्टात रेझिस्टंट आलीत.

पशुवैद्य_सोलापूर

धागा लोकप्रिय होतोय, म्हणून एक इशारा आत्ताच देतो. कृपा करून कोणी बेडूक पकडून जखमेवर घासू नका. हसू नका, असे उपाय विचारणारे माझ्याकडे येतात.

बेडकाच्या कातडीवर नुसती प्रतिजैविकं नसतात. आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपायला येतो तो खरबरीत पाठीचा भेक, त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. त्यांतल्या विषाचा परिणाम थेट हृदयावर होतो, डिजिटालिस या औषधासारखा. पहिल्या पावसानंतर माझ्याकडे दरवर्षी कुत्री येतात: भेक तोंडात धरला, फेस येतोय, डोकं झटकतंय. असं झालं तर आधी ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा, पाणी घातलंत तर तोंड खाली करून, पोटात जाता कामा नये. मग लगेच डॉक्टर गाठा.

ॲमेझॉनच्या खोऱ्यात फायलोमेड्युसा बेडकाचा स्राव कातडी भाजून त्यावर लावण्याची जुनी प्रथा आहे, काम्बो म्हणतात. त्या स्रावात डर्मासेप्टिन ही उत्तम जंतुनाशक पेप्टाइडं आहेत, पण सोबत रक्तदाब पाडणारी आणि उलट्या करवणारीही आहेत. शहरी मंडळींनी 'शरीरशुद्धी' म्हणून हे सुरू केलं आणि त्यात माणसं दगावली आहेत. निसर्गातून आलंय म्हणून निर्धोक, हा समज काढून टाका.

शेवंती

आमच्या शेजारच्या ताईंच्या लॅब्राडॉरला अगदी असंच झालं होतं गेल्या जूनमध्ये! वाचला. हा प्रतिसाद त्यांना पाठवते.

व्होल्गाकाठचा_वाटसरू

अवांतर: शिक्षणासाठी रशियात होतो. तिथल्या खेड्यांत फ्रिज येण्याआधी दुधाच्या भांड्यात जिवंत बेडूक सोडायचे, दूध नासू नये म्हणून. एका मित्राच्या आजीने हे सांगितलं तेव्हा मला किळस आली होती. २०१२ साली मॉस्को विद्यापीठाच्या लेबेदेव यांच्या गटाने त्याच तपकिरी बेडकाच्या, राना टेम्पोरारियाच्या, स्रावाचं विश्लेषण केलं आणि त्यांना ७६ नवी पेप्टाइडं मिळाली. काहींचा परिणाम साल्मोनेला आणि स्टॅफिलोकोकसवर चांगला दिसला. आजीबाईंना पेप्टाइड माहीत नव्हतं, अनुभव मात्र पक्का होता.

पशुवैद्य_सोलापूर

सुरेख माहिती. पण त्याच बेडकाच्या पायाला चिकटलेले जंतूही दुधात उतरत असणार. दूध उकळून प्या.

चोर्ला_घाट

एवढं सगळं अमेरिका, रशिया चाललंय, पण आपल्या सह्याद्रीतल्या बेडकाचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. पावसाळ्यात रात्री विजेरी घेऊन बेडूक पाहत फिरणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे हा प्रतिसाद लांबणार.

हायड्रोफिलॅक्स बहुविस्तारा. पाठ विटकरी-लाल, दोन्ही कुशी काळपट, देखणा प्राणी. पूर्वी त्याला दक्षिणेतल्या हायड्रोफिलॅक्स मलबारिकसमध्येच मोजत. २०१५ साली आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी हा वेगळा असल्याचं दाखवून त्याला हे नाव दिलं. आपल्याकडे, गोव्यात, कर्नाटकात, केरळात आढळतो.

दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, तिरुवनंतपुरमचं राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र आणि अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातले जोशी जेकब यांच्या गटाचा शोधनिबंध आला. याच बेडकाच्या स्रावातली ३२ पेप्टाइडं त्यांनी फ्लूच्या विषाणूंवर तपासली. चार प्रभावी निघाली. त्यांतली तीन तांबड्या पेशींना घातक. उरलं एक, उरुमिन, केरळच्या लवचिक उरुमी तलवारीवरून नाव दिलेलं. फ्लूच्या विषाणूवर जी खुंटीसारखी प्रथिनं असतात, त्यांच्या देठाला हे चिकटतं. देठाचा भाग फारसा बदलत नाही. एच-१ गटाच्या फ्लूपासून उंदीर वाचले. एच-३ गटावर मात्र ते चाललं नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. भाताच्या खाचराकडेला बसणारा, ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही असा बेडूक. २०१५ पर्यंत त्याला स्वतःचं नावही नव्हतं. अजून नावाविना किती असतील?

आणि हो, यासाठी बेडूक मारले नव्हते. सौम्य विजेचा स्पर्श दिला की ग्रंथी रिकाम्या होतात, स्राव धुऊन घ्यायचा आणि बेडूक जिथून आणला तिथे सोडायचा. त्या केंद्राने तसंच केलं.

कऱ्हाकाठ

चोर्ला_घाट, हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. हा बेडूक मी आमच्या शेताकडेला नक्की पाहिलाय.

गोंयकार

चोर्ला घाटाचं नाव वाचून राहवलं नाही. पहिल्या पावसात आमच्याकडे रात्री पोती आणि विजेऱ्या घेऊन माणसं शेतात उतरतात, 'जंपिंग चिकन'साठी. मोठे बेडूक धरतात. कायद्याने बंदी आहे, जाळ्यात सापडला तर तुरुंग आहे, तरी चालूच. आणि नेमका तोच त्यांचा विणीचा काळ. मी लहानपणी खाल्लेत, आता घरात कोणाला आणू देत नाही.

माळरान

गोंयकार, भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद झाली. म्हणजे झॅस्लॉफ यांचा शोध आणि ही बंदी एकाच सालातली. मोठी मासळीबाजाराएवढी निर्यात होती ती, फ्रान्स-अमेरिकेला जायची.

गोंयकार

निर्यात थांबली, ताटातली थांबली नाही.

रोखठोक

मला एक सांगा. ही पेप्टाइडं पटलच फोडतात, मग जंतूंना त्यांच्यापासून सुटकाच नाही ना? व्हिडिओत तेच म्हटलंय. ते तरी खरं?

पेट्रीडिश

नाही, आणि ही गैरसमजूत फार पसरली आहे, म्हणून तपशिलात लिहिते.

सुरुवातीला झॅस्लॉफ यांचंही मत असंच होतं की प्रतिकार निर्माण होणं फार अवघड. तर्क चुकीचा नव्हता. पेनिसिलिन एका ठरावीक विकरावर काम करतं, तो विकर बदलला की जंतू सुटला. सगळं पटलच बदलायचं म्हणजे जंतूला स्वतःचं घर पाडून बांधावं लागेल. पण मॅकगिल विद्यापीठाचे उत्क्रांतिशास्त्रज्ञ ग्रॅहम बेल यांना हे पटलं नाही. प्रयोग ठरला. ई. कोलाय आणि स्युडोमोनास यांच्या २४ वंशावळी पेक्सिगननच्या हळूहळू वाढत्या मात्रेत वाढवत नेल्या. ६०० ते ७०० पिढ्यांत २४ पैकी २२ वंशावळींत प्रतिकार तयार झाला. २००६ साली छापलेल्या या शोधनिबंधावर स्वतः झॅस्लॉफ यांचंही नाव आहे. आपल्याच मताच्या विरुद्ध जाणारा प्रयोग त्यांनी सोबत राहून केला, याचा मला फार आदर वाटतो. वर्गात मी हे दरवर्षी सांगते.

बेल यांची काळजी आणखी खोल आहे. आपल्या त्वचेत, आतड्यात, पांढऱ्या पेशींतही अशीच पेप्टाइडं असतात. बेडकाचं पेप्टाइड औषध म्हणून सर्रास वापरलं आणि त्याला न जुमानणारे जंतू तयार झाले, तर ते आपल्या शरीराच्या स्वतःच्या पेप्टाइडांनाही जुमानणार नाहीत. अँटिबायोटिकच्या प्रतिकारापेक्षा हे वाईट.

एडिसनकर

इथे थोडा मतभेद. बेल यांनी मात्रा पायरी पायरीने वाढवली, तो मुद्दाम प्रतिकार घडवून आणण्याचा मार्ग. जखमेवरच्या मलमात मात्रा पहिल्यापासूनच प्रचंड असते. आणि बेडकांनी ही शस्त्रं कोट्यवधी वर्षं वापरली, तरी ती बोथट झालेली नाहीत. कारण बेडूक एकच पेप्टाइड वापरत नाही, एकाच कातडीवर डझनावारी वेगवेगळी असतात. आपण त्यातलं एक उचललं आणि एकट्याला लढायला पाठवलं.

पेट्रीडिश

मिश्रणाचा मुद्दा मान्य. मात्रेचा नाही. मलम पूर्ण लावतो कोण? दोन दिवस लावायचं, जखम कोरडी दिसली की ट्यूब कपाटात. आणि कोलिस्टिनचं काय झालं ते बघा. तेही धनभारित पेप्टाइडच, तेही पटलावरच घाव घालतं, आणि ते आपलं शेवटचं राखीव औषध. २०१५ साली चीनमध्ये एमसीआर-१ हे जनुक सापडलं. ते जंतूच्या पटलाचा ऋणभार कमी करतं आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. डुकरं-कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घातल्याचा हा परिणाम. भारतात जनावरांसाठी त्यावर २०१९ साली बंदी आली.

पशुवैद्य_सोलापूर

+१. त्या बंदीआधी पोल्ट्रीवाले कोलिस्टिन वजन वाढावं म्हणून देत, आजार नसताना. मी कित्येकांशी यावरून भांडलोय.

निवृत्त_पिंपरीकर

इतका वेळ वाचत होतो. माझी सगळी नोकरी पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये झाली. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला कारखाना. तिथे आम्ही नुसतं पेनिसिलिन भरून विकलं नाही. डॉ. थिरुमलाचार यांच्या हाताखाली संशोधन होतं, पिंपरीच्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जीवाणूपासून हमायसिन हे बुरशीनाशक तिथे तयार झालं. सार्वजनिक पैशातून, आपल्या मातीतून, आपल्या माणसांनी केलेलं.

एडिसनकर यांनी दोन भिंती सांगितल्या, तिसरी मी सांगतो. नव्या अँटिबायोटिकवर पैसा मिळत नाही. मधुमेहाची गोळी जन्मभर विकली जाते, अँटिबायोटिक आठवडाभर. त्यातही नवं आणि चांगलं असेल तर डॉक्टर ते जपून ठेवणार, आणि तेच योग्य. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. औषध चांगलं, मंजूर झालेलं, तरीही. पुढे त्याचे हक्क आपल्या सिप्लाने घेतले. पेप्टाइड बनवणं तर याहून खर्चिक, एकेक अमिनो आम्ल जोडत जायचं. हे काम नफ्यावर सोडून चालणार नाही, सरकारनेच करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

रोखठोक

पिंपरीकर काका, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही नीट सांगितलंत.

चोर्ला_घाट

एक बाजू राहतेय. औषध येईल तेव्हा येईल, तोवर बेडूक राहतील का?

बेडकांवर कायट्रिड नावाची बुरशी आहे, कातडीत वाढते आणि क्षारांचं संतुलन बिघडवून हृदय बंद पाडते. १९९९ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं. २०१९च्या जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे उभयचरांच्या ५०१ जाती घटल्या, त्यांतल्या ९० बहुधा नामशेष. कातडीतली पेप्टाइडं या बुरशीलाही मारतात, पण सगळ्यांची सारखी नाहीत. ज्यांची प्रभावी ती टिकतात. काहींना कातडीवरचे जीवाणूही मदत करतात: अमेरिकेतल्या लाल पाठीच्या सॅलमँडरवर राहणारा जांभळा जीवाणू बुरशीनाशक रंगद्रव्य तयार करतो, रीड हॅरिस यांच्या गटाने ते दाखवलं.

आपल्याकडेही ही बुरशी आहे. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांत ती असल्याचं डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली छापलं, आशियाई वाणाची. तरी मध्य अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात झाला तसा संहार इथे दिसलेला नाही. या बुरशीचं मूळच पूर्व आशियातलं असल्याचं २०१८ मध्ये पुढे आलं, तेव्हा इथले बेडूक तिच्याशी जुने परिचित असावेत. त्यांच्या कातडीत नेमकं काय आहे, हे तपासण्यासारखं काम आहे! आणि आंबोलीचा झँथोफ्रायनी टायग्रीना घ्या, अतिसंकटग्रस्त, थोड्याशा कातळावर राहणारा. तिथे शनिवार-रविवारी गाड्यांच्या चाकांखाली किती जातात ते मी पाहिलंय. ग्रंथी उघडून बघायच्या आधीच चिरडले जातात.

वॉर्ड_नंबर_सात

कऱ्हाकाठ, मी मधुमेही पायांच्या वॉर्डात परिचारिका आहे. सगळी चर्चा आवडली, पण तुमच्या घरातल्या पायाबद्दल लिहायला आले.

ते मलम बाजारात नाही, त्या नावाने कोणी ऑनलाइन विकत असेल तर घेऊ नका. इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण होऊ द्या. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: पायाचा रक्तपुरवठा तपासला का, हाडापर्यंत संसर्ग गेलाय का, आणि जखमेतलं मेलेलं मांस परत काढायला हवं का. रक्त पोचत नसेल तर कुठलंही औषध जखमेपर्यंत पोचणार नाही. अंगठ्याच्या बुडाशी जखम म्हणजे चालताना सगळा भार तिथेच येतो. भार काढायची सोय झाल्याशिवाय ती भरणार नाही. आत्ता प्लास्टर किंवा खास बूट, भरल्यावर एमसीआर चप्पल (मऊ रबराची, मधुमेह्यांसाठीची), घरातसुद्धा. अनवाणी देवघरात जाणं बंद. सांगायला जड जातं, पण मी त्यासाठी बोटं गेलेली पाहिली आहेत.

कऱ्हाकाठ

सिस्टर, मनापासून आभार. काल डॉपलर झाला, रक्तपुरवठा ठीक आहे. एमआरआय उद्या. भार काढण्याबद्दल आम्हाला कोणी एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं, आज त्यासाठी वेगळी वेळ घेतली. सासरे देवघराच्या बाबतीत ऐकतील असं वाटत नव्हतं, पण सासूबाईंनी कापडाची नवी चप्पल शिवून फक्त देवघरासाठी ठेवली आहे.

वॉर्ड_नंबर_सात

भावना छान, पण कापडी चप्पल नको, भार जसाच्या तसा राहतो. एमसीआरचीच एक जोडी देवघरासाठी वेगळी ठेवा.

कातळसडा

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रत्नागिरीला. हा धागा वाचून प्रोजेक्ट यावरच करावासा वाटतोय. आमच्या सड्यावर पावसात भरपूर बेडूक असतात. स्राव गोळा करायला काय काय लागेल?

चोर्ला_घाट

परवानगीशिवाय बेडकाला हात लावायचा नाही. वन्यजीव कायदा लागू होतो, वनविभागाकडे कॉलेजमार्फत अर्ज करावा लागेल, वेळ लागतो. शिवाय एकाच हातमोज्याने दोन बेडूक हाताळले तर बुरशी तुम्हीच पसरवाल.

पेट्रीडिश

@कातळसडा, बेडूक लागतच नाही. पेप्टाइडांचे अनुक्रम प्रसिद्ध झालेले आहेत, सार्वजनिक संग्रहात बघायला मिळतात. मॅगेनिन-२ किंवा टेम्पोरिनसारखं छोटं पेप्टाइड कृत्रिमरीत्या बनवून मिळतं, टेम्पोरिन तेरा-चौदा अमिनो आम्लांचंच असल्याने विद्यार्थ्यांना परवडू शकेल. कॉलेजमध्ये निरुपद्रवी ई. कोलाय आणि बॅसिलस असतीलच. किती मात्रेला वाढ थांबते ते बघा. मग त्याच पोषकद्रवात मीठ वाढवत न्या आणि तोच प्रयोग पुन्हा करा: क्षार वाढले की यांतली बरीच पेप्टाइडं मंदावतात, शरीरात ती का फसतात ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. एक मात्र सांभाळा, काही प्लास्टिकच्या ताटल्यांना ही पेप्टाइडं चिकटून बसतात आणि आकडे भलतेच येतात, पॉलिप्रॉपिलीनच्या वापरा. मार्गदर्शक शिक्षकांना मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा, पद्धत लिहून पाठवते.